जैतुराचा चेहरा

मामाजी, तुमचा फोटो शोधायला आम्हाला अख्खा एक दिवस लागला.

केशोरीच्या आजूबाजूला असं घर सापडणं कठीण, जिथं भिंतीवर नाहीतर पेटीत तुम्ही काढलेला एखादा फोटो नाही. लग्नं, शाळेचे वर्ग, दंडारीच्या नाटकातले राजे, पहिल्या ट्रॅक्टरवर बसलेलं सगळं गाव, तिरडीवरची म्हातारी माणसं, सगळे तुमच्यासमोर येऊन गेले. आणि तेरवीला हार घालायला घरात तुमचाच फोटो नव्हता. शेवटी संगणकात एक सापडला. बँकेच्या कामासाठी मागच्या वर्षी मीच काढलेला. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, कपाळावर आठ्या, ओठ घट्ट मिटलेले. तुमचा मुलगा म्हणाला, याला एक कोट चढव, डोळा साफ कर, तुझ्यासाठी काय दोन मिनिटांचं काम आहे. मी केलं नाही. आहे तसाच मोठा करून लावला. पाहुणे एकमेकांना म्हणत होते की बुढा रागात दिसते.

रागातच होता तुम्ही. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता.

तुम्ही किती साली दुकान टाकलं, मागे कोण कोण आहे, हे सगळं पेपरात छापून आलं. आपलं भांडण त्यात कसं येणार? ते मलाच लिहावं लागेल.

मी साकोलीकडची. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही सासरे, म्हणून तुमच्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंडात कुलूप. तुम्हीसुद्धा मला काही सांगायचं असलं की खांबाला सांगायचात. चहा होऊन जाईल काय, असं खांबाला विचारायचं आणि निघून जायचं. आपण दोघं पहिल्यांदा बोललो ते दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत. तुमच्या मुलाचा जीव शेतीत, त्याला औषधाचा वास सोसायचा नाही. फोटो धुताना कुणीतरी आकडे मोजायला हवं होतं. लाल दिव्याखाली तुम्ही म्हणालात, "बाई, साठपर्यंत मोज. घाई नको करू." मी मोजायला लागले. तिथं पदर पाहणारं कोण होतं? बाहेर उन्हात आलो की पुन्हा तुम्ही सासरे आणि मी सून, पण आत तुम्ही मला सगळं शिकवलं. कागद औषधात हलवताना बोटं कशी धरायची, चेहरा उमटायला लागला की हात कधी थांबवायचा.

तिथंच तुम्ही सांगितलं होतं की तुमच्या पहिल्या कॅमेऱ्यात वरून मान वाकवून पाहावं लागायचं. सायकलला तो बांधून तुम्ही जंगलातल्या टोल्यांवर, छोट्या वस्त्यांवर जायचात. बाया फोटोला लाजायच्या, पळून जायच्या. पण फोटो काढणारा माणूस आपल्याकडं पाहतच नाही, मान खाली घालून उभा आहे, हे दिसलं की त्या नीट उभ्या राहायच्या. तुम्ही हे हसत सांगितलं होतं. तुम्ही हसलात असे प्रसंग मला बोटांवर मोजता येतील.

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि आपलं दुकान झेरॉक्स आणि आधारच्या फोटोंवर आलं. तुम्ही एक दिवस माळ्यावरून बिस्किटांचे पत्र्याचे डबे खाली काढले. आत निगेटिव्हच निगेटिव्ह. काही एकमेकांना चिकटलेल्या, काहींना बुरशी, दोन डब्यांतली कागदी पाकिटं उधईनं खाल्लेली. तुम्ही म्हणालात, जाळून टाक, कोण पाहते आता. मी एक पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. काळ्या चेहऱ्यांच्या, पांढऱ्या केसांच्या माणसांची एक रांग होती, डोक्यावर धानाचे भारे. मी म्हटलं, मामाजी, मी पाहते.

गोंदियाहून स्कॅनर आला. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा मी एकेक पट्टी कापसानं पुसायची, यंत्राखाली ठेवायची, आणि पडद्यावर तुमचं तरुणपण उलगडायचं. ओरखडे भरायचे, डाग काढायचे, फिकट पडलेलं गडद करायचं. तुम्ही मागे स्टुलावर बसून नावं सांगायचात. हा पाटलाचा सालदार, ही सुईण, हा डोंग्यावरचा ढिवर, नवेगावच्या तलावात ह्याच्याएवढा पोहणारा नव्हता. मी प्रिंट काढून मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहायची, डावीकडून उजवीकडे. तुमची आठवण पाहून मी थक्क व्हायची. त्या दिवशी ढग होते की ऊन, हेसुद्धा तुम्ही सांगायचात.

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत आपण ते फोटो मांडले, आठवतं? दंडारीच्या मांडवाशेजारी दोन बांबू रोवून दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी एकेक फोटो लटकवला. मला वाटलं होतं लोक जिलेबी घेऊन पुढं जातील. पण दोरीसमोर अशी गर्दी झाली की दंडार सुरू व्हायला उशीर झाला. एक म्हातारा वडिलांच्या फोटोआधी वडिलांच्या बैलांना ओळखून बसला आणि त्यांची नावं घेऊन रडला. कुणी म्हणालं, ही विहीर बुजली त्याला जमाना झाला. कुणी म्हणालं, ह्या वडाखाली आमची शाळा होती, आता तिथं टॉवर आहे. ज्या पोरींनी आजीला कधी उभी पाहिली नव्हती, त्यांना ती डोक्यावर दोन घागरी घेऊन चालताना दिसली. तुम्ही खुर्चीवर बसून होता. लोक येऊन तुमच्या पाया पडत होते आणि तुम्ही अवघडून पाय मागे घेत होता.

सगुणा मडावी तिथं आली. जंगलालगतच्या येनटोल्याची, पन्नाशी ओलांडलेली, बांबूच्या टोपल्या विकायला मंडईत आलेली. सगळी दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून ती तुमच्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबूजी, यात माही माय हाय काय?"

तिची आई जैतुरा. सगुणा रांगत होती तेव्हाच तापानं गेली. आईचा एकदा फोटो काढला होता, केशोरीचा फोटोवाला आला होता, एवढंच तिनं मोठ्या माणसांकडून ऐकलेलं. तुम्ही डोळे मिटून थोडा वेळ बसलात. मग मला म्हणालात, येनटोल्याची रोवणी, ते वाकडं झाड असलेला. मी गठ्ठ्यातून तो काढला. तो मी दोरीला लावला नव्हता, कारण खराब होता. चिखलाच्या बांधीत सात बाया एका रांगेत उभ्या, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात रोपांच्या पेंड्या. तुम्ही डावीकडून तिसरीवर बोट ठेवलं. तिचा हात दिसत होता, मान दिसत होती, गळ्यातली मण्यांची माळ दिसत होती. चेहऱ्याच्या जागी बुरशीनं खाल्लेला पांढरा डाग होता.

बाकी सहाही जणींचे चेहरे शाबूत. सगुणा त्या पांढऱ्या जागेवर अंगठा फिरवत राहिली, जणू वर काही लागलंय आणि पुसलं तर निघून जाईल.

तुम्ही तिला सरळ सांगितलंत की ते गेलं, आता काही होणार नाही. माझ्यानं ते पाहवलं नाही. मी तिला म्हटलं, बाई, थांब, मी करते काहीतरी. आणि ती फोटो हातात धरून उभी असताना मोबाईलवर तिचाच एक फोटो काढून घेतला.

पुढं मी जे केलं ते तुम्हाला न विचारता केलं. सगुणाचे डोळे, नाक, गालाची हाडं घेतली. संगणकानं सुरकुत्या काढल्या, केस काळे केले, वय तीस वर्षांनी मागं नेलं. आजूबाजूच्या बायांच्या तोंडावर जसं ऊन पडलं होतं तसं तिच्या तोंडावर पाडलं. आठ दिवस मी त्यावर बसले. झालं तेव्हा कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही असं झालं होतं. येनटोल्याला मी स्वतः नेऊन दिला. सगुणानं फ्रेम हातात घेतली, खूप वेळ पाहिली आणि ती रडली. मग तिनं देवाजवळच्या भिंतीवर खिळा ठोकला, फोटो टांगला आणि कुंकू लावलं. मी घरी आले ती हवेत.

जेवता जेवता तुम्ही तो संगणकावर पाहिलात. पोळीचा घास तसाच हातात होता.

"हे जैतुरा नाही," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, तिला तर पटलं. तुम्ही म्हणालात, "तिले तिचंच तोंड देऊन राहिली तू, अन् म्हनून राहिली का हे तुयी माय. कायले?"

मला राग आला. इतक्या वर्षांत तुमच्यासमोर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढला. मी म्हटलं, "मग खरी कशी होती ते सांगा जी. तुम्हाला ढग आठवते, ऊन आठवते. नाक सांगा, डोळे सांगा, तशी करून देते." तुम्ही घास ताटात ठेवून उठून गेलात. मला वाटलं मी जिंकले. एवढ्यावर न थांबता मी तुमच्या पाठीमागून म्हणाले की तुम्हीसुद्धा लग्नाच्या मुलींच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून देवीचे वण बुजवत होता, ते चाललं?

दुसऱ्या दिवशी दुकानात तुम्ही त्याचं उत्तर दिलंत. इतकं सलग तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता. एका मुलीचे वण तुम्ही असेच बुजवले होते, तिच्या बापानं हात जोडले म्हणून. फोटो पाहून मुलाकडच्यांनी होकार दिला. साक्षगंधाच्या दिवशी त्यांनी मुलीला पाहिलं, तुमचा फोटो तिच्या बापाच्या अंगावर फेकला आणि जेवणं न करता गाड्या जुंपून निघून गेले. तुम्ही तिथंच होता, फोटो काढायला बोलावलेले.

"पोरीत काहीच वाईट नव्हतं, बाई. मी तिले दुसरी केली, म्हनून ती आहे तशी कोनाले नको झाली. त्या दिवसापासून पेन्सिल सोडली मी."

मला त्या पोरीचं वाईट वाटलं. पण मी मानलं नाही. मी म्हटलं, ती गोष्ट वेगळी आहे. इथं कुणाचं लग्न मोडत नाही. एका बाईला आई मिळाली. तुम्ही म्हणालात, जा आणि तिला सांगून ये. मी साफ नाही म्हटलं. एवढं क्रूर मला होता येणार नाही, असा शब्द वापरला. त्यानंतर तुम्ही पुन्हा खांबाशी बोलायला लागलात. बँकेसाठी फोटो काढला तो याच दिवसांतला. मी हनुवटी वर करा म्हटलं तर तुम्ही खाली केलीत.

उन्हाळ्यात एका सकाळी तुम्ही कोसाचं उपरणं खांद्यावर टाकलं आणि न सांगता येनटोल्याच्या गाडीत बसलात. तुमचं वय, ते ऊन. हे मोटरसायकल घेऊन मागे निघत होते, मीच थांबवलं. मला कळलं होतं की तुम्ही माझं काम मोडायला गेला आहात. संध्याकाळच्या गाडीनं परत आलात, पाय धुतले, पाणी प्यालात. मी विचारलं, सांगून आले काय? तुम्ही म्हणालात, चहा कर. खांबाला नाही, मला म्हणालात.

त्यानंतर तुम्ही पुन्हा माझ्या मागच्या स्टुलावर येऊन बसायला लागलात. पण एक बदल झाला होता. मी एखाद्याचं नाव विचारलं की तुम्ही पटकन सांगत नव्हता. कधी म्हणायचात, पक्कं नाही, नको लिहू. मला वाटलं वय झालं.

मग तुमची छाती भरली. गोंदियाच्या दवाखान्यात नर्स म्हणायची, बाबूजी, ज्यादा बात मत करो, आणि तुम्हाला तर तेच हवं असायचं. मी पाच दिवस तुमच्याजवळ होते. रोज ठरवायची की येनटोल्याला काय झालं ते आज विचारीन. तुम्हाला धाप लागलेली पाहून गप्प राहायची. शिवाय भीतीही होती. तुम्ही म्हणाला असता की सांगितलं, ती रडली, फोटो उतरवला, तर ते ओझं घेऊन मी कुठं जाणार होते? माफ करा असंही म्हणायचं होतं मला. आणि तुमचंच चुकलं, असंही. दोन्ही राहून गेलं.

सगुणा तेरवीला आली. जंगलातून गाडीरस्त्यापर्यंत पायी आणि पुढं मिळेल त्या वाहनानं. तुमच्या फोटोसमोर तिनं मोहाची थोडी वाळलेली फुलं पानात ठेवली, पंगतीत जेवली, आणि बाया आवराआवर करत असताना मला म्हणाली, बाई, दोन शब्द बोलाचे हायत. मी तिला दुकानात नेलं. तुमच्या स्टुलावर ती बसली नाही, खाली बसली. मग मीही खाली बसले. मी आधीच सांगून टाकलं की तो चेहरा मी बनवलेला आहे, तुझ्यावरूनच, मला माफ कर.

ती म्हणाली, "मले पहिल्याच दिवशी कळलं होतं, बाई. आरशात नाही पाहत काय मी?"

मग तिनंच पुढं सांगितलं. मी उन्हातून आले होते, आठ दिवस डोळे फोडून काम केलं म्हणत होते, माझे डोळे खरंच लाल होते. अशा माणसाला नाही कसं म्हणावं? म्हणून तिनं खिळा ठोकला. रडू आलं ते खरं होतं, पण ते आई दिसली म्हणून नव्हतं. आपल्यासाठी कुणी इतकं केलं म्हणून होतं. मी इतके महिने समजत होते की मी तिला सांभाळून घेतेय. ती मला सांभाळत होती.

तुम्ही गेलात तेव्हा तिनं तुम्हालाही हेच सांगितलं. तुम्ही भिंतीवरच्या फोटोकडं बघत उभेच राहिलात, ती म्हणाली. मग तिनं विचारलं, बाबूजी, तुम्ही तर पाहिली माझ्या मायला, कशी होती ती? आणि तुम्ही जमिनीवर बसलात. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बाबूजी म्हनाले, पोरी, तिचं तोंड मले याद नाही. सुनेनं विचारलं, तवा तिले बी सांगता आलं नाही."

मामाजी, एवढंच होतं तर मला का नाही सांगितलंत? तुम्ही जेवायला बसलेले असताना मी तुम्हाला नाक सांगा, डोळे सांगा म्हणत होते, आणि तुम्ही उठून गेलात ते हरल्यामुळं नाही. तुम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं होतं की तुमच्याकडंही ते नाही. ज्याच्या आठवणीवर सगळ्या गावानं भरवसा टाकला होता, त्याच्याकडं तिथं तसाच पांढरा डाग होता. मी त्यावरच बोट दाबत होते.

पण तुम्ही सगुणाला रिकाम्या हातानं ठेवलं नाही. तो दिवस तुम्हाला आठवत होता, तो सगळा तुम्ही तिला दिला. ऊन उतरत होतं, फिल्मवर शेवटचा एकच फोटो उरला होता. तुम्ही सातही बायांना ओळीनं उभं केलं, हलू नका म्हणून बजावलं, कॅमेऱ्यात मान घातली आणि तिसरी बाई ओळीतून बाहेर निघाली. तुम्ही चिडलात. ती चिखलातून जाता जाता म्हणाली, "पोर रडून राहिली जी, थांबा जरासे." धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मोहाच्या फांदीला झोळी बांधली होती. ती कोपरापर्यंतचा चिखल धुऊन पोरीला पाजायला बसली. उजेड जात होता आणि तुम्ही थांबलात. बाकीच्या सहा जणी चिखलात उभ्या थांबल्या. कुणी तिला लवकर ये म्हटलं नाही. पोर झोपल्यावर ती परत आली, पुन्हा हातात पेंडी घेतली आणि आपल्या जागेवर उभी राहिली. तेव्हा फोटो निघाला.

ही गोष्ट तुम्ही तिच्याकडून दोनदा वदवून घेतली म्हणे, नीट राहिली का पाहायला. आणि निघताना बजावलंत की चेहऱ्याचं तुला कळलं आहे, हे माझ्या सुनेला कधी सांगू नको, तिनं मनापासून केलं आहे. सगुणानं शब्द पाळला. आता तुम्हीच नाही, तर मनात ठेवून काय करू, म्हणाली.

मी कपाटातून येनटोल्याचा तो प्रिंट काढला. पहिला, चेहरा नसलेला. मागं माझ्या अक्षरात फक्त सहा नावं होती. तिसऱ्या जागी लिहिलेलं 'जैतुरा' मी भांडणाच्या दिवसांत रागानं खोडून ठेवलं होतं. खोडरबर घेऊन ते साफ केलं आणि पुन्हा लिहिलं. खाली थोडी जागा होती, तिथं आणखी एक ओळ लिहिली.

सगुणाला वाचता येत नाही. तिनं विचारलं, काय लिहिलं?

मी तिला सातही नावं वाचून दाखवली, डावीकडून उजवीकडे. आणि मग खालची ओळ: 'फोटोत न आलेली: सगुणा, जैतुराची मुलगी, धुऱ्यावर झोळीत झोपलेली.'

ती मग पदर सारखा करून माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "अखीन एकदा वाच, बाई."